दाभणाची भोकं

ठिबकच्या नळीतून डाळिंबांना नुसतं थेंब थेंब पाणी मिळताना बघवेना, म्हणून मी दाभणानं नळीला भोकं पाडली. वय पन्नाशीला आलेलं, पण अक्कल अजून वाटेतच होती. विहिरीत पाणी थोडं, त्यात नळीच्या सुरुवातीला चिखल झाला आणि शेवटाची डाळिंबं सुकायला लागली.

विट्याहून ठिबक जोडणारा आला. नाव मी विचारलंच नाही. न रागावता, गुडघ्यावर बसून त्यानं एकेक भोक बुजवलं. मग ज्या ओळीच्या नळीला माझं दाभण लागलं नव्हतं, तिथल्या झाडाखालची माती उकरून माझ्या तळहातावर ठेवली. वरून कोरडी, आत गार.

पाऊस आता भरवशाचा राहिला नाही, पण बाग अजून उभी आहे ती त्या माणसामुळं. त्या दिवशी जाताना तो म्हणाला, "काकू, झाडांची तहान भागतीया. तुमच्या डोळ्यांची तेवढी भागत न्हाई."