काठावरची जागा

या गोष्टीवर मी कित्येक हिवाळे गप्प बसलो. तोवर बायकोलाही कळू दिलं नाही. आता तुम्हाला सांगतो — सगळं.

नागभीडजवळच्या आमच्या गावात नव्वदीच्या सुमाराला हिवाळ्यात तलावावर मोठं जाळं ओढायचे. पुरुष सगळे छातीभर पाण्यात. दर घरातल्या फक्त एकाला काठावर बसून मासे निवडायची मुभा — जो थकलेला नाहीतर आजारी असेल त्याला. आमच्या घरचे मी आणि माझा थोरला भाऊ, दोघंही पाण्यात. भाऊचे गुडघे धरायला लागले होते. पुढल्या हिवाळ्यापासून काठ त्याचा, हे ठरल्यातच जमा होतं.

आणि एका सकाळी जाळं ओढताना माझ्याच छातीत कळ आली.

भाऊनं मला नागपूरला नेलं. तिथं सरकत्या पट्ट्यावर चालवलं, शिरेत औषध सोडलं, हृदयाला रक्त कसं पोचतं त्याचे फोटो काढले — दमल्यावर एकदा, निवांत असताना एकदा. निकाल सांगायला बोलावलं तेव्हा भाऊ खाली चहाला गेलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त सगळीकडे नीट पोचतंय. फोटो असा चांगला आला म्हणजे पुढची काही वर्षं झटक्याचा धोका अगदी कमी. बेलाशक पाण्यात उतरा.

केवढा हलका झालो मी! — आणि तरी खाली भाऊनं विचारल्यावर काय सांगितलं? ‘जपा म्हणाल्या.’ आणि काठ माझा झाला. का सांगितलं तसं? भ्यालो होतो, थंड पाण्याला. पण वर्षभरात भीती गेली, आणि काठावरचं ऊन आवडायला लागलं — त्याला काय नाव देऊ? भाऊ पाण्यातून निघायचा तो दोघांना धरून. मी मान खाली घालून मासे निवडत असायचो.

असे कित्येक हिवाळे गेले, आणि शेवटी एका दुपारी त्याच्या अंगणात बोलून टाकलं. शिव्यांची वाट पाहत बसलो.

“म्हंजे तुले काईच नाई झालं व्हतं?”

“नाई, भाऊ.”

तो भिंत धरून उठला. “आयकलं काय वं?” घरात वहिनीला ओरडून सांगायला लागला, “याच्या छातीत काईच नाई निंगालं! मी उगाच भेऊन राह्यलो व्हतो!” हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

गुडघ्यांबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

त्या हिवाळ्यात मी पाण्यात उतरलो. फार मोकळं वाटलं, खोटं कशाला सांगू? काठावरची जागा भाऊसाठी सोडली होती. पण तोवर त्याला तलावापर्यंत चालवत नव्हतं.