मुक्या नवऱ्याचं नाटक

अमरावतीत कुणाला नवीन नाटक करायचं असलं, की माझा फोन वाजतो. कॉलेजात मराठी शिकवून रिटायर झाले, पण हे खातं काही सुटलं नाही. नाटक सुचवणं म्हणजे स्थळ सुचवणं. जमलं तर त्यांचं नशीब, बिघडलं तर शिव्या मध्यस्थाला. मी भरपूर शिव्या खाल्ल्या आहेत आणि तरी सांगते, आज लिहिणाऱ्यांचं नाटक करा. फोन लावून ‘हे वाक्य असं का हो?’ असं ज्यांना विचारता येतं, त्यांचं. जुनी नाटकं चांगलीच आहेत, पण ती काय पळून चालली आहेत का?

गेल्या वर्षी आमच्या हौशी मंडळींनी विचारलं, “मॅडम, यंदा काय करावं?” मी अकोल्याच्या एका वकीलबाईचं पहिलंच नाटक पुढे केलं. तिशीतली पोर, घरची फुलशेती. नाटकात माणसं दोनच. नवऱ्याची वाचा गेलेली आणि बायको दोघांच्याही वाटचं बोलते. प्रश्न तिचा, उत्तरही तिचंच. सगळं वऱ्हाडीत. मी एका बैठकीत वाचून काढलं आणि दुपारचा चहा करायचा विसरले. माझ्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही.

आमच्याकडे नाटक ठरवायची एक रीत आहे. रविवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात जमायचं, लेखकाच्या समोर वाचन करायचं, मग तर्रीपोहे आणि मग निकाल. वकीलबाई सकाळच्या गाडीनं अकोल्याहून आली. वाचायला बसले आमचे महाराज. सकाळी लोकांकडे पूजा सांगतात, संध्याकाळी नायक होतात. आवाज खणखणीत, माइकची गरज नाही. त्यांनी बायकोचं पहिलंच वाक्य घेतलं, “बोल ना बुढ्या! जलमभर मले बोलू नाही देल्लं, आता काहून चूप बसून राह्यला?” मान वाकडी, डोळे बटाट्याएवढे, आवाज किनरा. सगळा वर्ग खदखदला. पुढच्या वाक्याला त्याहून जास्त. पोहे आले तेव्हा महाराज घाम पुसत म्हणाले, “मॅडम, जबरदस्त कॉमेडी सुचवली तुमी! हाउसफुल्ल!”

वकीलबाई हसत नव्हती. ती आपले कागद पिशवीत भरत होती. मी तिला व्हरांड्यात गाठलं.

“मॅडम, हे शब्द माझ्या आईचे आहेत,” ती म्हणाली. “बाबा गेले त्याच्या आधी त्यांची वाचा गेली होती, तेव्हा ती अशीच बोलायची त्यांच्याशी. मी लिहिलंय हे तिला माहीत नाही. पण प्रयोगाला ती येणार. लोक तिच्यावर असे हसले ना, तर मी पुन्हा एक ओळ लिहिणार नाही.”

मग मात्र माझं डोकं फिरलं. वर्गात परत गेले आणि टेबलावर हात आपटला. “काहो, घरी मयत झाली तर तुम्ही कोणत्या भाषेत रडता? टीव्हीवरच्या? भांडता वऱ्हाडीत, रडता वऱ्हाडीत, अन् स्टेजवर चढली की ती नुसती दात काढायला? लाज नाही वाटत?” पोह्यांच्या बशा एकेक करून खाली ठेवल्या गेल्या. दोष त्यांचा एकट्यांचा नव्हता, हे मलाही कळत होतं. स्टेजवर वऱ्हाडी येते ती नोकराच्या नाहीतर खेड्यातल्या बावळटाच्या तोंडी. सगळ्यांनी लहानपणापासून हेच पाहिलं आहे.

महाराज म्हणाले, “मंग मी कोणतं काम करू?”

“मुक्या नवऱ्याचं.”

“म्हंजे नाटकभर मी बोलूच नाही?”

“एक अक्षर नाही.”

थोडे दिवस फुगून बसले बिचारे, मग तालमीला आले. बायकोचं काम आमच्यातल्या एका शिक्षिकेला दिलं. तिला मी एवढंच सांगितलं, की अभिनय करू नको बाई, भाजीत मीठ टाकता टाकता घरी नवऱ्याशी बोलतेस, तसं बोल.

पहिला प्रयोग अकोल्यात झाला. वकीलबाईची आई माझ्या शेजारी बसली होती, मांडीवर नटांना द्यायला आणलेल्या घरच्या शेवंतीची पुडी. पलीकडे लेक, सारखी बोटं मोडत. पडदा उघडला, पहिलं वाक्य आलं आणि सगळं सभागृह हसलं. लेकीनं डोळे मिटून घेतले. आणि काय सांगू, आईसुद्धा हसली की हो! चांगली खळखळून.

शिक्षिका हसण्यासाठी थांबली नाही. तिनं पदरानं महाराजांच्या हनुवटीवरची लाळ पुसली. “चहात साखर टाकू?” तिनं विचारलं आणि नवऱ्याच्या जाड आवाजात स्वतःच उत्तर दिलं, “टाक ना, इचारतं काहाले?” मागे कुणीतरी एकटंच हसलं आणि गप्प झालं. त्यानंतर हसू नाही. महाराज नुसते तिच्याकडे पाहत होते. त्या माणसाचं इतकं चांगलं काम मी आजवर पाहिलं नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. माझ्या शेजारी आईचे ओठ हलत होते. शिक्षिकेच्या आधी नवऱ्याची उत्तरं तीच देत होती.

पडदा पडला, टाळ्या झाल्या, लोक उठले. आई बसूनच होती. लेक समोर येऊन उभी राहिली. मीच विचारलं, “कसं वाटलं, बाई?”

आईनं डोळे पुसले आणि लेकीकडे पाहिलं. “असी बोलतो काय वं मी? बराबर लिवलं तू.” मग शेवंतीच्या पुडीचा दोरा सोडता सोडता ती म्हणाली, “आता दुसऱ्या नाटकात तुह्या बापाले बी बोलू देजो. लय बोलाचं राह्यलं त्याचं.”