पायाने सरकवलेलं ताट

सुनंदाच्या सासूबाईंनी जेवणाचं ताट उंबऱ्याशी ठेवलं आणि पायाने खोलीत सरकवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सुनंदा माझी धाकटी बहीण. तिला क्षयरोग झाला होता. औषधं नेमाने चालू होती आणि थुंकीत आता जंतू सापडत नव्हते.

"मावशी, तिच्यापासून आता कुणाला लागण होणार नाही. रिपोर्ट मी स्वतः पाहिलाय," मी म्हणाले.

"असेल. पण आपण सांभाळलेलं बरं," म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या.

प्रयोगशाळेत मी याच जंतूवर काम करते. माणसाच्या शरीरातलं फॉस्फेट तो ओढून घेतो आणि त्याच्या जोरावर जगण्यापुरती ऊर्जा तयार करतो. फॉस्फेट कमी पडलं की सगळा कारभार आवरता घेऊन निपचित पडून राहतो. इतकी वर्षं त्याला पाहतेय, पण त्याचा मला कधी राग आला नाही. त्याला दुसरं काही जमतच नाही. सासूबाईंना मात्र वाकून ताट हातात देणं सहज जमलं असतं.

मी खाली बसले आणि सुनंदाच्याच ताटातली भाकरी मोडून, त्यांना दिसेल अशी, खाऊ लागले.

सुनंदाने माझा हात धरला. "ताई, पुरे. तू संध्याकाळी निघून जाशील. मला इथेच राहावं लागणार आहे."

"का म्हणून? चल माझ्याकडे." माझा आवाज चढला होता.

तिने ताट हाताने बाजूला सारलं.

"बॅग खाटेखाली आहे," ती म्हणाली. "भरलेलीच आहे."