ओढून पाहू नये

"नमुने ओढून पाहू नयेत. एकदा ओढलेलं रबर पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. हात स्वस्थ बसत नसतील तर खिशात घालावेत."

ही पाटी मी स्वतः लिहून आमच्या प्रयोगशाळेत लावली होती. उगाच नाही. काजळी घातलेलं रबर पहिल्यांदा ताणताना कडक असतं, दुसऱ्यांदा नरम पडतं. आणि आलेला प्रत्येक पाहुणा बोलता बोलता पट्टी उचलून ओढणारच! सगळ्यात वाईट खोड आमच्या सरांची.

रबराचं हे वागणं गणितात बसवणं हे माझं काम. गाडीच्या इंजिनाखालची रबरी गादी किती दबेल, हे ती बनवण्याआधीच कॉम्प्युटरनं सांगायला हवं. काही वर्षं घातली त्यात. विश्रांतवाडीहून बस बदलत यायचं, डबा रबर ताणून मोजणाऱ्या मशीनशेजारीच खायचा. शेवटी जमलं. प्रेझेंटेशन सरांकडे पाठवलं, ते परत आलं तेव्हा पहिल्या पानावर एकच नाव होतं. सरांचं.

"अहो, टीमचंच काम आहे ना," ते म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा! घरी सांगितलं तर बाबा जेवता जेवता थांबले. सरकारी कचेरीत जन्म गेला त्यांचा. "आपल्या समाजातल्या माणसांची नावं गाळायची सवयच आहे या लोकांना," म्हणाले. "तू गप्प बसू नकोस." याचं उट्टं काढायचंच, हे मी ताटावरच ठरवलं. कसं, ते मात्र सुचत नव्हतं.

सोय सरांनीच केली. गिऱ्हाईक कंपनीची माणसं येणार म्हणून त्यांनी पाटी काढायला लावली. म्हणे, अनप्रोफेशनल दिसतं. काढली.

पाहुण्यांसमोर बोलता बोलता सरांनी कोरी पट्टी उचलली आणि दोन्ही हातांनी मस्त ताणली. एरवी मी ओरडले असते. त्या दिवशी तोंडातून ब्र काढला नाही. तीच पट्टी त्यांनी मशीनला लावली. कोऱ्या पट्टीसाठी गणितानं काढलेली आलेखाची रेघ पडद्यावर आधीच होती. मशीनची रेघ तिच्या पार खालून निघाली, आणि एका जागी झपकन वर चढून तिला मिळाली.

"हे असं का?" पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारलं.

सर ततपप करायला लागले. मशीन जुनं आहे, हवा दमट आहे, वीज वरखाली होते. मनात उकळ्या फुटत होत्या माझ्या! पोटभर ऐकून घेतलं आणि मग पुढे झाले.

"सरांनी आत्ता हातानं ओढली ना, ते रबर विसरलेलं नाही. ही रेघ जिथे वर चढते, तिथपर्यंत ओढली होती." तेवढा ताण मी गणिताला सांगितला. नवी रेघ मशीनच्या रेघेवर चपखल बसली.

"हे गणित कोणी केलं?" बाईंनी सरांनाच विचारलं.

सर खाली बघत पुटपुटले, "यांनी."

"जरा मोठ्यानं सांगा, सर," मी म्हणाले. "मागे ऐकू येत नाही."