मुलाचा मामा

तो माणूस अंबडच्या आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा मी मोरीत केस धूत बसले होते. रविवार होता. शिकेकाई डोळ्यात गेलेली, बादलीतलं पाणी संपत आलेलं, आणि बाहेरून आईचा आवाज येत होता. इतका गोड आवाज तिने माझ्यासाठी कधी काढला नव्हता. "या ना भाऊ, आत या. दारात काय उभे?" मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग पंखा सुरू झाल्याचा. आमच्याकडे पंखा उगीच कुणासाठी लागत नाही.

त्या दिवसांत आईने दिसेल त्याला माझ्यासाठी स्थळ बघायला सांगून ठेवलं होतं. जालन्याच्या एका लांबच्या मामीने "रविवारी कुणीतरी येऊन जाईल" असं मोघम कळवलं होतं. त्यामुळे इस्त्रीचा शर्ट घातलेला, काखेत फाईल धरलेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस दारात येऊन माझं नाव घेतो म्हटल्यावर आईला दुसरं काही सुचण्याचं कारणच नव्हतं. त्यात त्याने विचारलंही नेमकं तेच. मुलगी कामाला कुठे? पगार किती? घर स्वतःचं की भाड्याचं? घरात अजून कोण कमावतं?

आई एकेका प्रश्नाला खुलत गेली. "घर सोताचं हाय भाऊ, तिच्या वडलांनी बांधेल. ते गेले, आता आम्ही दोघीच. पोरगी जालन्याला बियाण्याच्या कंपनीत हिशोब बघती. खर्चाचं तर नावच नका काढू, लई हात राखून."

मोरीत मी डोळे मिटून मामीचा उद्धार करत होते. मधेच आईने खिडकीतून समोर राहणाऱ्या खालाला हाक मारली. "आपा, कोथमीर हाय का थोडी? पाहुणे आले!" लग्नाची मुलगी असलेल्या घरातून ही हाक गेली की गल्लीत तिचा एकच अर्थ होतो. खाला कोथिंबीर घेऊन आली, सोबत स्वतःचा फुलाफुलांचा ट्रेही घेऊन आली, आणि पाहुण्यांना डोळे भरून बघून गेली.

टॉवेल गुंडाळलेल्या डोक्याने मी बाहेर आले तेव्हा त्याच्या हातात पोह्यांची बशी होती. मला बघून तो उठला आणि म्हणाला, "मॅडम, फोन उचलत जा हो." तो आवाज मी लगेच ओळखला. महिनाभर रोज फोनवर येणारा तोच आवाज. तोपर्यंत त्यालाही कळून चुकलं होतं की आपल्याला पोहे कशाबद्दल मिळालेत. लिंबाची फोड हातात धरून तो तसाच उभा राहिला. खाऊ की ठेवू, हे त्याला ठरवता येईना.

तो वसुलीचा माणूस होता.

गोष्ट साधी होती. आधीच्या कारखान्यातली नोकरी गेली आणि ही लागेपर्यंत घर क्रेडिट कार्डावर चाललं. कार्ड भरायला पर्सनल लोन काढलं, आणि लोनचा हप्ता चुकू नये म्हणून पुन्हा कार्डच घासलं. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी सगळं ठाऊक झालं. रिकामी बशी उचलता उचलता ती म्हणाली, "मंग पोहे कशाला खाल्ले त्यांनी?"

मला हसू आलं म्हणून ती आणखी भडकली. रागाच्या पोटात भीती होती. "गल्लीत कळलं तर? कर्जाची पोरगी कोण करून घेतंय? जल्दी फेड, पण कुणाला कळू देऊ नको." एवढं एकच तिचं मागणं होतं. माझं लग्न माझ्या हप्त्यांना बांधलं गेलं होतं, आणि लग्नाची घाई नसली तरी तिच्या तोंडावरची ती भीती मला बघवत नव्हती.

ठरलं असं की दर महिन्याला एका रविवारी तो येईल, रक्कम घेईल, पावती देईल. पुढच्या खेपेला तो आला आणि दारातच खालाने त्याला गाठलं. मी उंबऱ्यावर होते, आई माझ्यामागे. खालाने विचारलं, "भाईजान, आप लडके के कौन?"

आईने माझा दंड असा धरला की बांगडी रुतली. त्या माणसाचं कामच असं होतं की चार शेजाऱ्यांत बोभाटा झाला तर त्याच्या पथ्यावर पडलं असतं. त्याने आईकडे पाहिलं. मग काखेतली फाईल दुसऱ्या काखेत घेतली आणि म्हणाला, "मामा. मुलाचा मामा."

तेव्हापासून तो अख्ख्या गल्लीचा मामा झाला. आई त्याला दर खेपेला पोहे करायची. आता ते कशाबद्दल, हे तिला कुणी विचारलं नाही. तो पावती फाडायचा, पोहे खायचा, आणि जाताना मोठ्याने म्हणायचा, "बरं मावशी, मुलाला सांगतो."

एकदा मामा आला म्हटल्यावर मुलगा यायला वेळ लागला नाही. त्याला गल्लीनेच घडवला. कुणी म्हणालं तो पुण्याला असतो, कुणी म्हणालं इंजिनिअर आहे. खालाने त्याला उंच केला, कारण मी उंच आहे. त्याला चष्मा कुणी दिला कोण जाणे. मला मात्र चष्मा पटला.

याच सुमारास मी स्कूटी विकली आणि एसटीने जाऊ-येऊ लागले. खालाची कपडे बेतायची कात्री आणून कार्डाचे तुकडे केले. "काय कापू राह्यली बेटी?" तिने विचारलं. "जुनं प्लास्टिक," मी म्हणाले, आणि खोटं काही बोलले नव्हते. संध्याकाळी शेजारच्या आळीतल्या मुलांना गणित शिकवायचे. जे यायचं ते हप्त्याला जायचं. नवीन चप्पल, सिनेमा, मैत्रिणीच्या लग्नाला चांगली साडी, सगळ्याला एकच उत्तर होतं: मग बघू.

पण ती एसटी! संध्याकाळची जालना-अंबड गाडी, खिडकीशी जागा, अंगात दिवसभराची मरगळ. मधे मोसंबीच्या बागा लागायच्या. बहर आलेला असला की तो वास आत शिरायचा आणि डोळे आपोआप मिटायचे. मग शेजारच्या सीटवर तो येऊन बसायचा, चष्मेवाला. बोलायचा फार नाही. मी त्याला ऑफिसातल्या साहेबांच्या नकला करून दाखवायचे. एकदा त्याने विचारलं, किती राहिलं गं? मी सांगितलं. होईल, तो म्हणाला, आणि खिडकीतून बाहेर बघू लागला. कंडक्टर "अंबड, अंबड" ओरडायचा तेव्हा शेजारी कुणाची तरी भाजीची पिशवी असायची. सरळ सांगते, मला तो आवडायला लागला होता. उन्हाळा गेला, कापूस वेचून झाला, पुन्हा मोसंबीला फुलं आली, आणि मी त्याच्यासोबत येत-जात राहिले. तो नसता तर त्या खडखडत्या गाडीत माझा धीर सुटला असता.

कर्ज संपत आलं तशी आईची झोप उडाली. मला वाटलं आनंदाने. तर तिने धुणं वाळत घालता घालता सांगितलं, "आता मामा यायचे बंद होतील. मंग लोक काय म्हणतील? एवढे दिवस पाहुणे आल्ते, अन् मोडलं म्हणजे पोरीतच काही असंल."

कर्ज फेडता येतं, पण मोडलेल्या स्थळाचं काय करायचं? दोन पैसे राखून एखादा हप्ता लांबवावा आणि मामाला आणखी थोडे दिवस येऊ द्यावं, इतका वेडेपणाही माझ्या मनात येऊन गेला.

शेवटच्या रविवारी मामा देणं संपल्याचा कागद घेऊन आला. मी तो दोनदा वाचला. आईने त्या दिवशी पोह्यांऐवजी शिरा केला होता. शिरा खाताना तिने आपली अडचण त्याला सांगितली. त्याने ऐकून घेतलं. हात धुतले, रुमालाला पुसले आणि चपला घातल्या.

बाहेर खाला उभीच होती, सोबत गल्लीतल्या आणखी दोघी. "क्या मामा, रिश्ता जम गया क्या?"

"न्हाई जमलं आपा," मामा गाडीला किक मारता मारता म्हणाला. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढा होता. "ताईंनीच नकार दिला, अन् बराबर केलं त्यांनी. आमचाच पोरगा कर्जबाजारी निघाला. कार्डाचं कर्ज, लोनचं कर्ज. मलाबी आत्ता कळलं. अशा सोन्यासारख्या पोरीला कसं बांधायचं त्याच्या गळ्यात?"

"तोबा!" खाला म्हणाली आणि तिने येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "बच गई मेरी बच्ची."

आई आत जाऊन रडली. मी दारातच उभी राहिले. मामाची गाडी वळणापर्यंत दिसत होती. माझं सगळं कर्ज स्वतःच्या नावावर घेऊन चष्मेवाला त्या गाडीवर मागे बसून चालला होता, आणि मला त्याला साधं थांब म्हणायचीही सोय नव्हती.