खालून आलेलं पाणी

मी पांढुर्ण्यात राहतो आणि वर्तमानपत्राला बातम्या पाठवतो. भानामती, चकवा, चिंचेवरची बाई असलं काही घेऊन लोक येतात, तेव्हा माझे प्रश्न ठरलेले असतात. तुम्ही स्वतः पाहिलं का? तेव्हा सोबत कोण होतं? बहुतेक बातम्या तिथेच संपतात. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण या वेळी सोबत असलेला माणूस मीच होतो...

जानेवारीत मामा-मामींना घेऊन विजयदुर्गला गेलो होतो. मामांची सौंसरजवळ संत्र्याची बाग आहे. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, हातात काठी, कानाला मशीन. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. इंग्रजांनी ज्यांना चाचे म्हटलं आणि आपण ज्यांना आरमार म्हणतो, त्यांचं हे गाव. मामांना चाचेच जास्त आवडत.

"आरमार तं सरकारी वाटते बे," ते म्हणाले. "चाच्यात मजा आहे."

किल्ला बघून झाल्यावर, ज्यांच्या घरी उतरलो होतो ते दाजी आम्हाला खाडीकाठची जुनी गोदी दाखवायला घेऊन गेले. खडक फोडून केलेल्या या जागेत पूर्वी जहाजं दुरुस्तीला येत. पुढ्यातला खाडीचा फाटा त्या दुपारी जवळजवळ कोरडा होता. गाडी सावलीत लावून येतो, असं सांगून दाजी मागे गेले. आम्ही थांबलो नाही, खाली उतरलो.

"हे तं आपल्या जाम नदीवाणी आहे," मामा म्हणाले, आणि पात्राच्या मधोमध एका खडकावर जाऊन बसले. खाऱ्या हवेनं खराब होईल म्हणून कानाचं मशीन त्यांनी काढून मामींच्या पर्समध्ये दिलं होतं. मशीन नसलं की कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. मामी नातवंडांसाठी शिंपले वेचत होत्या.

आमच्याकडे नदीत उतरलेला माणूस अधूनमधून वर बघतो. पूर वरून येतो. डोंगरावर आभाळ काळं झालं की काठ गाठायचा. मामा तेच करत होते, आणि मीही. डोंगरावर ढगाचा ठिपका नव्हता. भरती हा शब्द मला माहीत होता, बातमीत लिहिलाही असेन. पण पाय नदीत असताना पाठीमागून पाणी येईल हे मनात आलंच नाही.

मामा एकदम उठले. "कोण बे?"

मी कानाशी जाऊन ओरडलो, "कोणी नाही, मामा!"

"अबे, थो म्हणून राहिला ना... वरतं काऊन पाहून राहिला, पाणी खालून येऊन राहिलं!" त्यांनी काठी समुद्राच्या बाजूला केली.

मी वळलो. तिकडे माणूस नव्हता, होडी नव्हती. पाणी होतं. आवाज न करता वळणावरून पसरत आलेलं. आम्ही आणि काठ यांच्यामधली खोलगट वाट, जिच्यातून कोरड्या पायांनी आलो होतो, ती भरायला लागली होती. आम्हा तिघांनाही पोहता येत नाही.

एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं मामींनी मामांना धरलं.

"अजी, काठी सोडा!"

"नवी आहे व!"

"मी का जुनी झाली? सोडा म्हणते ना!"

काठी गेली. शेवटी शेवटी पाणी मामांच्या मांड्यांपर्यंत आलं होतं. काठावर बसून त्यांचा श्वास जागेवर येईपर्यंत तो खडक दिसेनासा झाला.

दाजी धापा टाकत आले. "मी हयसून बोंबलतंय! पण वारो तुमच्याकडसून माझ्याकडे. माझो आवाज तुमका पोचतलो कसो? तुमी फिरलास कशे?"

मामींचे कान चांगले आहेत, माझेही. दाजींची हाक आम्हाला ऐकू आली नव्हती, आणि दुसरीही कुठली नाही.

नंतर मी माझं नेहमीचं काम केलं. तो आवाज आपल्याच बोलीत बोलला असं मामा सांगत होते, म्हणून विदर्भाकडचं कोणी गावात उतरलंय का, होडीवर, हॉटेलात, शाळेत कोणी आहे का, विचारत फिरलो. कोणी नव्हतं. कानाच्या डॉक्टरांना पुढे नागपुरात विचारलं. भास होऊ शकतो, ते म्हणाले. पण पाणी कुठून येतंय हे भासाला कसं कळलं?

दाजींनी त्या संध्याकाळी एवढंच सांगितलं, की गोदीवर राबायला पूर्वी लांबलांबची माणसं आणत, असं जुने लोक सांगतात. त्या फाट्यात बुडाली ती तीच. गावच्या माणसाला पाणी कळतं.

माझ्याकडे यापुढे काही नाही. ऐकणारा एकच, तोही बहिरा... अशी बातमी दुसऱ्याची असती तर मी पाठवली नसती.

मामा मात्र खूश आहेत. सौंसरला बागेत येईल त्याला समुद्र कसा होता ते सांगतात, आणि मग हळहळतात. "आपल्याकडलाच होता बे कोणी. घाईघाईत त्याले गाव पुसायचं राहूनच गेलं."