मामाची बिनक्लचची गाडी

माझ्या मामाची लाकडाची वखार होती, पण जीव होता एका जुन्या अमेरिकन मोटारीत. एकोणीसशे सत्तरच्या आसपास ती त्याने कुणा जहागीरदाराकडून घेतली. नावेएवढी लांब, रंग सायीचा, आणि तिला क्लच नव्हता. गिअर ती स्वतःच बदलायची. आमच्या पेठेत ही गोष्ट कुणाला खरी वाटत नसे, म्हणून मामा डावा पाय सीटवर दुमडून, अर्धी मांडी घालून गाडी चालवून दाखवायचा. शेजारी बसलेला माणूस रस्त्याकडे कमी आणि त्या पायाकडे जास्त बघायचा.

वरातीला तर तिच्यासारखी गाडी नव्हती. ब्रेकवरचा पाय उचलला की ती आपोआप, माणसाच्या चालीने, जराही धक्का न देता सरकायची. नवरदेवाच्या मुंडावळ्या हलत नसत. त्यामुळे पेठेतली निम्मी लग्नं मामा हौसेने ओढून द्यायचा.

एकदा अशाच एका वरातीत, महाद्वार रोडवर, ती थांबली. इंजिन गुरगुरतंय, मामा पाय दाबतोय, आणि गाडी जागची हलेना. गिअरचा दांडा इकडे टाकला, तिकडे टाकला, काही नाही. मागे मात्र ती झोकात गेली. मामाने एक क्षण विचार केला, तालमीतल्या गड्यांकडून गाडी ढकलून उलटी फिरवली आणि उरलेली वरात मागच्या गिअरमध्ये नेली. बँड डिकीपुढे वाजत होता आणि नवरा-नवरीची तोंडं मागून येणाऱ्या बायकांकडे. सासू तबक घेऊन दारात उभी होती. तिच्यापुढे आधी डिकी आली. त्या माउलीने डिकीलाच ओवाळलं.

पेठ महिनाभर हसली. माझी थोरली बहीण हसली नाही, कारण पुढचं लग्न तिचं होतं. आम्हाला वडील नव्हते, कन्यादान मामाच करणार होता आणि ‘तुला माझ्या गाडीतनं सासरी धाडणार’ हे त्याने ती परकरात होती तेव्हाच कबूल केलं होतं. त्यातच नवऱ्याकडच्यांनी निरोप पाठवला की हवी तर जीप देतो. मामा त्या दिवशी जेवला नाही.

ताई त्याला एवढंच म्हणाली, “मामा, जाईन तर तुझ्याच गाडीतनं. पण तोंड पुढं करून.”

दुसऱ्या दिवशी वखारीत जाणकार जमले. ट्रकवाल्या मेकॅनिकने खाली वाकून निदान केलं की क्लचप्लेट गेली. त्याला सांगितलं की क्लचच नाही. तो म्हणाला, “मग त्येच झालंय. न्हाय म्हणूनच चालंना.” तालमीच्या वस्तादांचं म्हणणं, त्या नवरीचं वजन जास्त होतं.

शेवटी मिस्त्रीचाचा आले. त्यांच्या घराण्यात आजोबांनी बग्ग्या दुरुस्त केल्या, वडिलांनी मोटारी. त्यांनी वैद्यासारखी चौकशी केली.

“सकाळी जाती?”

“पळती की.”

“आन् बसती कवा?”

“तापल्यावर. तासभर वरात चालली की.”

“मागं जाती म्हंजे इंजिन बरं हाय, मागच्या चाकांचा दांडाबी बरा हाय. शेट, ह्या गिअरात तेलच सगळं ढकलतंय. तेल बघितलंसा?”

मामा दुखावला. “रोज सकाळी बघतोय. काठोकाठ हाय.” त्याने तेलाची पट्टी ओढून दाखवली. खरंच, खुणेपर्यंत लालभडक तेल.

मग आठवडाभर ते दोघे गाडीखाली राहायला गेले. मामी जेवण खालीच सरकवायची. पेच आवळले, सैल केले, पुन्हा आवळले. गाडी तापली की बसायचीच. चाचांनी एकदा हात टेकलेही. “शेट, जीपच बरी.” मामा पाना घेऊन एकटाच परत गाडीखाली शिरला.

उकल झाली ती बॅटरी उतरली म्हणून. ट्रकची बॅटरी लावून गाडी कशीबशी चालू केली आणि परत बंद पडेल या भीतीने मामा तिला बंद करेना. चाचांनी सवयीने तेलाची पट्टी ओढली. कोरडी.

“शेट, त्याल कुठं गेलं?”

“असं कसं? आत्ताच बघितलंय.”

इंजिन बंद केलं, जरा थांबले, पट्टी ओढली. काठोकाठ. चालू केलं. कोरडी. जादूचा खेळ लागावा तशी वखारीत गर्दी झाली आणि लोक पुन्हा एकदा करा म्हणू लागले. मामा पेट्रोल फुकट जळू नये म्हणून आजवर इंजिन बंद करूनच तेल बघत आला होता. आणि या गिअरचं तेल गाडी चालू झाली की वर पोटात चढायचं, बंद केली की खाली उतरून भरल्यासारखं दिसायचं. मुळात कमी असलेलं तेल तापून फेसाळलं की गाडीला पुढे ढकलायला जोरच उरत नसे.

इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये तेल भरलं आणि गाडी रंकाळा तळ्याला दोन फेऱ्या मारून आली. पण एका जागी ते पाझरत होतं आणि तिथलं रबर आपल्या मुलखात मिळणारं नव्हतं. वरातीत अधूनमधून तेल बघून घालावं लागणार. हे काम माझ्याकडे आलं. मी नुकताच बँकेत लागलो होतो, नवा सूट शिवला होता. मामी म्हणाली, “सूट घालून हातात डबडं? ब्येस न्हाय दिसत.” तिने तेल घासलेल्या पितळी चंबूत ओतून दिलं.

लग्नाच्या दिवशी उन्हं उतरल्यावर वरात निघाली. पहिल्या चौकात मी बॉनेट उघडलं, पट्टी बघितली आणि चंबूतनं लाल तेलाची धार सोडली. गारगोटीहून आलेली नवऱ्याची आत्या हे निरखत होती. ती पुढे आली आणि तिने गाडीच्या जाळीला हळदकुंकू लावलं. दुसऱ्या चौकात पाच सवाष्णी आल्या. एकीने अक्षता टाकल्या.

तिसऱ्या चौकात नवऱ्याचे काका फेटा सावरत आले. “पावणं, हे बरं न्हाय.”

मला वाटलं, आपलं बिंग फुटलं.

“सारखं त्याल तुमच्याकडनंच. मुलाकडच्यांचा मान कुठाय?”

मामाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. “चुकलं आमचं. ह्यो तुमचा.” त्याने चंबू काकांना द्यायची मला खूण केली आणि खिडकीतून माझ्या कानात, “जास्ती झालं तरी फेस येतोय. बघ.”

काकांनी चंबू कपाळाला लावला आणि ओतायला लागले. मी म्हणालो, बास. ते म्हणाले, “हात का आखडताय? आमच्यात अर्धवट करत न्हाईत.” मी त्यांचं मनगट धरलं, त्यांनी माझा हात झटकला. बँड थांबला. मामाचा दुमडलेला पाय हळूच खाली आला.

तेवढ्यात गाडीतून, खाली मानेने, नव्या नवरीचा आवाज आला. “काका, राहू द्या थोडं. पहिल्यांदा घरी जाताना भांडं रितं नेऊ नये.”

काका थबकले. आत्याकडे वळून म्हणाले, “बघ. आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. पोरगी शहाणी हाय.”

मी बॉनेट लावलं. मामाने ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी सरकली, पुढे. सासूने दारात ताईचं तोंड ओवाळलं. काकांनी उरलेल्या तेलासकट चंबू दोन्ही हातांनी आत नेला आणि देवापुढे ठेवला.

त्या तेलावाचून गाडी परत आणणं धोक्याचं होतं आणि ते मागायची आमची छाती नव्हती. गाडी व्याह्यांच्या दारात ठेवून मामा फेट्यासकट चालत घरी निघाला, आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत सुटला, की पोचली.